जळगावचं अर्धं तिकीट

पहिली चापट कुणी मारली ते ज्ञानेश्वरीला दिसलं नाही. दुसरी दिसली. ती निळ्या शर्टातल्या माणसाच्या कानाखाली बसली, त्याचा चष्मा उडाला आणि तिच्या तिकिटाच्या मशीनवर येऊन आपटला.

"रुमाल टाकला व्हता म्या! खिडकीतून! दिसत नाय का?" पांढऱ्या सदऱ्यातला आडदांड माणूस पुन्हा हात उगारत होता.

ज्ञानेश्वरीनं त्याचं मनगट वरच्यावर धरलं. अकरा वर्षं चालत्या गाडीत दांडी धरून उभ्या राहिलेल्या बाईच्या पकडीत किती जोर असतो, ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं हात सोडवून पाहिला. सुटला नाही.

"रुमालाला तिकीट लागत नाय," ती म्हणाली. "बसणाऱ्याला लागतंय. नाव काय तुमचं?"

"सर्जेराव. कामून?"

"सर्जेराव, चष्मा उचला. पुसा. त्यांना द्या. मग दोघंबी एकाच बाकावर बसा."

"अन् नाय दिला तर?"

"तर गाडी हलत नाय. आत पंचावन माणसं हायेत. कामून हलत नाय ते तुमीच सांगा त्यांना."

मागून कुणीतरी ओरडलं, "दे ना भाऊ चष्मा, का रुमालाचं लगीन लावून जातू आता?" गाडीभर हशा पिकला. सर्जेरावानं चष्मा उचलला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि ज्याला मारलं होतं त्याच्या नाकावर स्वतःच्या हातानं चढवला. मग दोघं मांडीला मांडी लावून बसले आणि दोन दिशांना बघत राहिले.

ज्ञानेश्वरीनं डोक्यावरची दोरी दोनदा ओढली. टण्, टण्. साडेनऊची जळगाव दहा मिनिटं उशिरानं मध्यवर्ती बसस्थानकाच्या फाटकातून बाहेर पडली.

दाराजवळच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, एक मुलगी बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची. पायाशी एकच बॅग, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. समोर मारामारी चालली होती तेव्हा बाकीचे माना उंचावून मारणाऱ्यांकडे बघत होते. ही मात्र छताकडे बघत होती. दोरी कुठून सुरू होते, कोणकोणत्या कड्यांतून जाते आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या घंटीला कशी बांधली आहे, ते नजरेनं मोजत होती.

"कुठं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"जळगाव. एक."

"एक म्हंजे अर्धं. बायांना अर्धंच हाय आता."

"माहीत आहे," मुलगी हसली. "पण पुढं राज्य ओलांडलं की पूर्ण लागणार."

तिचं नाव तनुजा. शहरात मामाकडं राहून बीएस्सी झालेली, विषय भौतिकशास्त्र. संध्याकाळी जळगावहून बिलासपूरची रेल्वे पकडायची होती आणि उद्या दुपारी नोकरीवर हजर व्हायचं होतं. शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईंनी हे सगळं चौकाचा घाट यायच्या आतच तिच्याकडून काढून घेतलं. मनकर्णाबाई ऐंशीच्या. पंचाहत्तरीपुढं तिकीट नाही, म्हणून दर आठवड्याला शहरातल्या लेकीकडून अजिंठ्याच्या लेकीकडं आणि तिथून परत. हातात काठी, मांडीवर भाकरीचं फडकं.

"नवरा व्हता तवर म्हायेरालाबी धाडलं नाय," त्या सगळ्यांना सांगत. "आता सरकारनं धाडलं."

"नोकरी कसली गं पोरी?" त्यांनी विचारलं.

"रेल्वेचे पूल तपासायची. कंपनी आहे एक. एका जागी महिना-दीड महिना, मग दुसरा पूल. आसाम, केरळ, कुठंबी."

"अन् तू पूल तपासणार? हातोडी घिऊन?"

"आवाजानं तपासायचा. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज लोखंडात सोडायचा. आत तडा असला की आवाज तिथूनच माघारी येतो. किती वेळात माघारी आला त्यावरून तडा किती खोल आहे ते कळतं. वरून लोखंड चांगलं गुळगुळीत दिसतं, पण."

"माणसाचंबी तसंच अस्तं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि फडकं सोडून भाकरी मोडू लागल्या.

तिकिटं संपली तशी ज्ञानेश्वरी दांडीला टेकून उभी राहिली. फिरायची नोकरी. अकरा वर्षांपूर्वी तिनंही हेच शब्द वापरले होते. तिचा बाप भिकन मेंढरांमागं चालत जन्म काढलेला माणूस. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, गोदाकाठाला उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. लेकीनं कंडक्टरकीचा फॉर्म भरला तेव्हा तो म्हणाला होता, "फिराय नोकरी कशाला लागती गं? मेंढरं हायेत की घरात."

पण चालत फिरणाऱ्याला गाव मारतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यानं भिकनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. आवाज आला होता, वाळकी काटकी मोडावी तसा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हाड वाकडंच जुळलं. प्रत्येक शिवेवर कुणीतरी विचारायचं, कुठले रे तुम्ही, कुणाला विचारून आलात. रस्त्यानं लाल गाडी जायची तेव्हा ती आतल्या माणसांकडे बघत राहायची. त्यांना कुणीच काही विचारत नव्हतं. त्यांच्या हातात तिकीट होतं. तिकीट असलेल्या माणसाला कुणी हाकलू शकत नाही, अशी तिची समजूत झाली, ती आजवर टिकून होती.

"बाई, तुमी किती वर्षं करताय हे?" तनुजानं विचारलं.

"अकरा. जास्त करून ह्याच रस्त्यानं."

तनुजानं खिडकीबाहेर बघत ओठ हलवले. "जाऊन-येऊन तीनशेवीस किलोमीटर. वर्षाला दोनशे दिवस धरले तर... बाई, तुमी पृथ्वीला सतरा फेऱ्या मारल्या."

"व्हय का!" ज्ञानेश्वरी पहिल्यांदाच मोकळं हसली. "अन् रोज फर्दापूरवरून जाती, तरी अजिंठ्याची लेणी आजून पायली नाय. बसल्या जागी खिडकीतूनबी काय दिसत नाय. माझी पाठ खिडकीकडं, तोंड पब्लिककडं. तोंडच पायलेत म्या पृथ्वीभर."

"ती दोरी ओढली की लगेच चालते गाडी?"

"एक घंटी म्हंजे थांब. दोन म्हंजे चल. दोन्हीच्या मधी उसंत नाय द्यायची, नायतर ते एकच समजत्यात." तिनं ड्रायव्हरच्या पाठीकडं हनुवटी केली. रामकिसन पन्नाशीचा, बारीक, मान न वळवता गाडी चालवणारा. "आठ वर्षांमागं कुण्या प्रवाशानं 'चला' म्हणून आरोळी ठोकली अन् ह्यांनी सोडली गाडी. म्हातारा उतरत व्हता. पाऊल गेलं चाकाखाली. तवापासून देवबी आला अन् चल म्हनला तरी हलत नाय. घंटी पायजे."

"आणि दुसऱ्या कुणी वाजवली तर?"

"दुसरं कोण वाजवतंय? माझा हात मोडला का?"

रामकिसन आरशातून म्हणाला, "बाईचं ऐकू नका. ह्यांची गाडी म्हंजे, वाऱ्यानं झाडाची फांदी हलली तरी थांबती. हात दावला म्हणत्यात."

हे खरं होतं. गाडी भरलेली असो, उशीर झालेला असो, रस्त्याकडेला कुणी हात दाखवला की ज्ञानेश्वरी एक घंटी देई. डेपोत यावरून चेष्टा चाले. तिला त्याचा अभिमान होता.

चौका गाव मागं गेलं तेव्हा तनुजानं फोन लावला. खिडकीकडं तोंड करून, हळू आवाजात. "आई, बसले गं गाडीत... नाय, साडेनऊच्या. सांगितल्याशिवाय जाववंना, म्हणून सांगितलं... दादाला सांगू नको. निदान संध्याकाळपर्यंत नको सांगू."

फुलंब्रीला वीस माणसं चढली. ज्ञानेश्वरी तिकिटं फाडत मागं गेली, पुढं आली. तनुजानं तिच्या खाकी बाहीला हात लावला.

"बाई, करंजी फाट्यावर थांबते का गाडी?"

"स्टॉप नाय तिथं. पर कुणी हात दावला तर थांबती."

"आज... नाय थांबली तर?"

"असं कसं म्हंती पोरी?" ज्ञानेश्वरी मशीनवर बोटं चालवत म्हणाली. "म्या ल्हान असताना असल्याच एका फाट्यावर आई हात करून उभी व्हती. कडंवर माझा भाऊ, अंगद. तापानं फणफणलेला. सोबत दोन कोकरं, बिऱ्हाडाचं गठुडं. गाडी भरेल आसंल, गेली निघून. चौदा किलोमीटर चाललो दवाखान्यापतर. अंगदचा एक कान गेला त्याच्यात. माझ्या गाडीनं कुणी असं मागं ऱ्हात नाय."

तनुजानं ओढणी पुढं ओढली. "बरोबर आहे," ती म्हणाली.  मग खिडकीतून बाहेरचे मक्याचे फड बघू लागली.

सगळं ज्ञानेश्वरीच्या समोर होतं: फोन, दादा, फाटा, ओढणी. तिनं ते जोडलं नाही. का जोडलं नाही, हे पुढं कित्येक दिवस ती स्वतःला विचारणार होती.

करंजी फाट्यावर चार जण हात करून उभे होते. बाजूला दोन मोटारसायकली.

"बाई, तुडुंब हाय," रामकिसन आरशातून म्हणाला. "मागं अर्ध्या तासात दुसरी हाय. सोडू?"

तिनं दोरी एकदा ओढली. टण्.

गाडी थांबली. दोघं दारातून चढले. उरलेल्या दोघांनी मोटारसायकली ढकलत आणल्या आणि गाडीच्या पुढ्यात आडव्या लावल्या. ते पाहिलं तशी ती तिसऱ्या बाकाकडं वळली.

"उतर," पुढचा म्हणाला. पंचवीस-सव्वीसचा, दाढी कोरलेली, कपाळावर घाम. नाक अगदी तनुजासारखं.

"नाही, दादा."

"तनू, उतर म्हन्तो. शुक्रवारी सोयरे येयचेत. सुपारी फुटायची हाय अन् तू गाव हिंडाय निघाली?"

"मी सांगितलं होतं तुला. नाही म्हणून सांगितलं होतं."

त्यानं तिला मारलं. उलट्या हातानं, तोंडावर. तिचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. मग त्यानं ओढणीसकट केस मुठीत धरले आणि ओढलं. तनुजानं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली.  तिच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

गाडीत सत्तर माणसं होती. काही खिडकीबाहेर बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "घरचा मामला हाय, जाऊंद्या." कुणीतरी मोबाइल वर केला.

ज्ञानेश्वरी मध्ये शिरली. तिचा आवाज तिला स्वतःलाच फार साधा वाटला.

"कुठं जायचं? तिकीट घ्या."

"आमाला जायचं नाय कुठं," शिवम म्हणाला. त्याचं नाव तिला तनुजाच्या तोंडून कळलं, ती म्हणत होती, शिवमदादा, सोड. "हिला उतरवायलो."

"तिचं तिकीट जळगावचं हाय. जळगावपतर ती माझी हाय. तुमी उतरा."

"ओ बाई, जास्त शानपन नाय. बहीन हाय माझी."

"आसंल. रस्त्यावर बहीन. गाडीत प्रवासी."

त्यानं तिला छातीवर ढकललं. ती मागच्या बाकावर आदळली, उठली, आणि गळ्यातलं तिकिटाचं मशीन पट्ट्यासकट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. जड, कोनाचं मशीन. ओठ फाटला, दाताचा तुकडा उडाला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. त्यानं बोट ओठाला लावून पाहिलं. आयुष्यात कुण्या बाईनं त्याला मारलं नसावं.

दुसऱ्यानं तिची खाकी कॉलर मागून धरली आणि तिला दाराकडं खेचत नेलं. पायरीवरून ती पाठीवर पडली, खाली खडीवर. तिनं उजवा हात टेकला आणि मनगटातून तोच आवाज आला, तीस वर्षांपूर्वीचा. वाळकी काटकी. तिच्यामागोमाग तो खाली उडी मारून आला आणि त्यानं तिच्या कुशीत लाथ घातली. मोटारसायकलवाल्यांतला एक येऊन त्याला मिळाला. दुसरा हातात दगड घेऊन ड्रायव्हरच्या काचेसमोर उभा राहिला.

"हलला तर फोडीन," तो रामकिसनला म्हणाला.

आत शिवम तनुजाला दारापर्यंत ओढत आला होता. तिनं आता दाराजवळचा खांब धरला होता. मनकर्णाबाई उठल्या, दोन पावलं पुढं आल्या आणि काठीच्या टोकानं शिवमच्या हाताच्या पाठीवर टोचू लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा. विहिरीत पडलेलं काही काठीनं ढोसावं तशा.

"सोड! सोड मुडद्या! तुझ्या आजीएवढी हाय म्या, मार मला! मार की!"

त्याची पकड जरा सुटली. खाली पडलेल्या ज्ञानेश्वरीला पायरीवर त्याच्या बुटाची टाच दिसत होती, वीतभर अंतरावर. मारणारे तिच्या पाठीमागं होते. एक लाथ बरगडीवर बसली आणि तिच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातच तिनं डावा हात पुढं केला, त्याचा घोटा धरला आणि सगळा जीव मागं टाकला.

शिवम पायऱ्यांवरून तोंडावर आला. तिच्या अंगावर पडला. त्याचं रक्त तिच्या मानेवर सांडलं, ऊन ऊन.

"दार!" ती ओरडली. "दार लावा!"

सेकंदभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या सदऱ्यातला सर्जेराव बाकावरून उठला, दारापाशी आला, आत शिरू पाहणाऱ्या एकाच्या तोंडावर त्यानं दाण्कन दार आपटलं आणि आतून कडी घातली.

"चला, रामकिसनभाऊ!" ज्ञानेश्वरी खालून ओरडली. "चला!"

इंजिन चालू होतं. रामकिसनचा पाय क्लचवर होता. बाजूच्या आरशात त्याचा चेहरा तिला दिसत होता, घामानं भिजलेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग डोक्यामागच्या घंटीकडं. तो हलला नाही. आठ वर्षांपूर्वीच्या एका पावलानं त्याचा पाय जागीच धरला होता.

दगड सुटला. समोरच्या काचेवर जाळं उमटलं.

"घंटी!" ज्ञानेश्वरीनं आरोळी ठोकली. तोंडात माती होती. "घंटी द्या!"

टण्.

एकच. एक घंटी म्हणजे थांब. रामकिसनचा हात गिअरवर थिजला. दुसरा दगड काचेच्या जाळ्यात बसला आणि काच आत ढासळली. ज्ञानेश्वरीनं डोळे मिटले.

मग लगेच, एकामागं एक, उसंत न देता: टण्, टण्.

तो सवयीचा हात नव्हता. दोरी फार जोरात ओढलेली होती, घंटी नुसती वाजली नाही, कण्हली. पण दोन होत्या.

रामकिसननं गाडी सोडली. दगडवाला उडी मारून बाजूला झाला. पुढची पहिली मोटारसायकल आडवी पडून गाडीखाली गेली आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. दुसरी बंपरला अडकून पंधरा-वीस फूट घसटत गेली, मग नालीत पडली. गाडी करकरत पुढं निघाली, सत्तर माणसांनी वाकलेली. तिसऱ्या खिडकीत ओढणी नसलेलं एक डोकं मागं वळलेलं दिसलं, हात अजून वर दोरीला. मग ते लहान झालं. मग धूळ.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच गाडी तिला रस्त्यावर ठेवून गेली होती.

त्यानंतर त्यांनी तिला मारलं. फार वेळ नाही. तिघांना एकामागं एक राग काढायचे होते आणि ते लवकर संपले. मोटारसायकली गेल्याचा राग, शिवमची बहीण गेल्याचा राग, बाईनं हात टाकल्याचा राग. एकानं पोटात मारलं, एकानं पट्टा काढला. तिनं डोकं दोन्ही हातांत घेतलं, गुडघे पोटाशी ओढले. मेंढरू कातरायला आडवं केलं की असंच गप्प होतं. शेवटी दगडवालाच म्हणाला, "बस रे. मरंल ती. खाकी हाय अंगावर."

ते तिघं नालीतली मोटारसायकल बघायला गेले. मग शेतातून माणसं येताना दिसली तसे पाऊलवाटेनं निघून गेले. शिवम गेला नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, ओठाला रुमाल लावून. रडत होता की नुसतंच रक्त गिळत होता, कळत नव्हतं.

"शुक्रवारी सोयऱ्यांना काय सांगू?" तो म्हणाला. तिला की स्वतःला, कोण जाणे. "आप्पासायब मला घरात घेत नाय आता. बाप हाय, पर बोलायचा नाय वर्षभर. तुमाला काय पडलं व्हतं, बाई?"

ज्ञानेश्वरी उठून बसली. एक डोळा मिटत चालला होता.

"तू हात दावला," ती म्हणाली. "म्हणून गाडी थांबवली म्या. नायतर रामकिसन सोडणारच व्हता."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याला त्यात काही कळलं नाही. तो उठला, नालीतल्या मोटारसायकलीपाशी गेला, तिची तुटलेली आरशी उचलली आणि गावाच्या दिशेनं चालू लागला.

शेतातून आलेल्या बाईनं तिला तांब्याभर पाणी दिलं. पदराची पट्टी फाडून मनगट बांधलं. पोलिसांना फोन केला, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या खिशातला फोन वाजत होता. काचेला तडे गेले होते, पण वाजत होता.

"बाई?" रामकिसन होता. "जित्त्या हायेत ना?"

"हाय. पोरगी?"

"हाय. आळंदला थांबलो, फोन केले. सिल्लोडला दुसरी गाडी, दुसरा कंडक्टर उभा केलाय, पोलीसबी हाय. त्या काठीवाल्या आजी तिला सोडीनात, म्हंत्यात जळगावपतर मीच येती, मला फुकट हाय." त्यानं आवाज खाली केला. "बाई, एक इचारू? डबल झाली व्हती ना? म्या बिगर घंटीचा हललो नाय ना?"

"झाली. दोन झाल्या. म्या ऐकल्या."

"पर वाजवली कुणी? रिपोर्टात लिहा लागंल. कंडक्टर खाली अन् गाडी चालली, असं कसं लिहू?"

ज्ञानेश्वरीनं रस्त्याकडं पाहिलं. काचेचे बारीक तुकडे उन्हात चमकत पार वळणापर्यंत गेले होते.

"लिहा, घंटी ज्ञानेश्वरी भिकन हिनंच दिली," ती म्हणाली. "माझं नाव लिहा."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं."

पुढची जळगाव आली तेव्हा ती फाट्यावर उभी होती. डावा हात तिनं वर केला. उजवा होत नव्हता. गाडी भरलेली होती. दारात माणसं लोंबत होती. लांबून येणाऱ्या त्या लाल रंगाकडं बघताना तिला आईचा असाच वर केलेला हात आठवला.

आतून एकच घंटी झाली.

कंडक्टर पोरगा होता, नवा. तिला बघून तो खाली उतरला, तिला दंडाला धरून वर घेतलं, आणि पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवलं. "बसा बाई. खिडकीशी बसा, वारा लागंल."

ती बसली. इतकी वर्षं ज्या जागेकडं तिनं पाठ केली होती, तिथं. टण्, टण्. गाडी हलली. एका डोळ्यानं तिला बाहेर दिसू लागलं: मका, कापूस, नालीतली मोटारसायकल, मग पुन्हा मका. बरगडीत प्रत्येक श्वासाला एक जागा लागत होती. श्वास तिथपर्यंत जायचा आणि माघारी यायचा.

"कुठंपतर, बाई?" पोरानं हळूच विचारलं.

तिनं डाव्या हातानं खिडकीचा गज धरला.

"जळगाव," ती म्हणाली.